ब्रेडच्या गाडीतला थोरला

"बोल, तुला कुणी मारलं? हिनंच ना?"

घुमेबाबानं असं विचारलं की बेकरीसमोरची ती जुनी ब्रेडची गाडी गुर्रर्र करून उठायची. पेडलवर कुणाचा पाय नाही, ड्रायव्हरची सीट रिकामी, आणि इंजिन मात्र किंचाळतंय. शेजारच्या सीटवर बाबाचा चेला शाल पांघरून, मांडी घालून, डोळे मिटून बसलेला. अख्खी गल्ली हात जोडून उभी. समोरच्या सलूनमधला एक जण तर अर्धी दाढी तशीच ठेवून धावत आला होता.

"ऐका! श्वास घेतोय तुमचा थोरला!" बाबा ओरडला. खरंच आतून फुस्स, फुस्स असा आवाज येत होता. थोरल्याची आई मटकन खाली बसली.

तीन आठवड्यांपूर्वी याच गाडीनं बेकरीवाल्यांच्या थोरल्या मुलाला बेकरीच्या शटरवर चिरडलं होतं. स्टिअरिंगवर त्याची भावजय होती, घरातली धाकटी सून. गाडी ऑटोमॅटिक गिअरची. ती ब्रेकवर पाय ठेवून थांबली होती आणि थोरला पुढं शटर वर करत होता. इंजिन अचानक भडकलं, तिचा पाय कमी पडला, आणि सगळं संपलं. त्या दिवसापासून ती बडवली जात होती. आधी नवऱ्यानं, मग सासूनं, आणि आता या बाबानं, इंजिनच्या जुन्या पट्ट्यानं. तिचा एक डोळा सुजून बंद झाला होता, ओठ फाटला होता, दोन्ही हात बंपरला बांधले होते.

मी गल्लीच्या टोकाला गॅरेज चालवते. लोक तोंडावर मिस्त्रीणबाई म्हणतात, पाठीमागं काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. त्या सकाळी माझ्या खिशात मुठीएवढा एक व्हॉल्व्ह होता. बारा दिवस मी त्याच्यासाठी भंगारबाजार पालथा घातला होता. या गाडीचे सुटे भाग कंपनीनं बनवणं केव्हाच बंद केलंय. एक सापडला त्याचा प्लग वेगळा, दुसरा गंजून गच्च. तिसरा मिळाला तो एका चेपलेल्या शववाहिकेत. इतकी मढी वाहिली त्या गाडीनं, पण तिच्यातून कधी कुणी बोललं नव्हतं.

"आता शेवटची परीक्षा!" बाबानं पट्टा हवेत फिरवला. "सायलेन्सर तापून लाल झालाय. हिचा तळहात त्यावर टेकवा. निर्दोष असेल तर फोडसुद्धा येणार नाही!"

तिचा नवरा, थोरल्याचा धाकटा भाऊ, पुढं झाला. त्यानं दोरी सोडली आणि तिला केसांना आणि मनगटाला धरून गाडीच्या मागं ओढलं. ती ओरडलीसुद्धा नाही. ते बघून माझं टाळकंच सरकलं.

मी गर्दीत घुसले. कुणाच्या बरगडीत कोपर गेलं, कुणाचा पाय तुडवला. ती फुस्सफुस्स मला पहिल्यापासूनच खुपत होती, म्हणून सरळ गाडीचं दार उघडलं आणि चेल्याच्या मनगटावर पाना हाणला. तो "आई गं!" करून उलटा झाला. शाल पडली. त्याच्या मुठीत एक बारीक रबरी नळी होती, डॅशबोर्डखालून थेट इंजिनात गेलेली.

"धाकट्या, हात सोड तिचा आणि इकडं बघ!" मी नळीच्या तोंडावर अंगठा दाबला. इंजिन खाली बसलं. अंगठा काढला. फुस्स! इंजिन किंचाळलं. "हा तुझ्या भावाचा श्वास! बोल रे थोरल्या, बाबा चोर आहे का?" पुन्हा अंगठा दाबला आणि काढला.

गुर्रर्र.

अर्ध्या दाढीवाला फिस्सकन हसला. तेवढ्यात पट्टा माझ्या कानावर बसला. डोळ्यांपुढं काजवे चमकले, कान रक्तानं गरम झाला. मी पाना घेऊन वळले तसा बाबा दोन पावलं मागं सरला, पण तोंड काही थांबेना.

"आत्म्याला बाहेर यायला वाट लागते! नळी ही वाट आहे, मूर्ख बाई! आणि मला सांग, थोरला मेला त्या दिवशी कुठं होती नळी? तेव्हा गाडी कुणी पळवली?"

गर्दी पुन्हा त्याच्या बाजूनं झुकली. एक दगड आला, गाडीच्या काचेवर फुटला. धाकट्यानं बायकोचा हात सोडला नव्हता. "सांग ना," तो मला म्हणाला, "त्या दिवशी कुणी पळवली?"

प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर मला बारा दिवसांपासून ठाऊक होतं, आणि मी ते गिळून बसले होते.

"दहा मिनिटं दे," मी म्हटलं. "तोवर तिला हात लावलास तर तुझंच मनगट मोडीन."

नळी उपटून फेकली, भोकाला बूच मारलं, गिअर पार्कमध्ये टाकला, चाकांना विटा लावल्या. इंजिन चालू केलं. मिनिट गेलं, दोन गेली. काहीच होईना. लोक हसायला लागले, बाबा सगळ्यात मोठ्यानं. मी बंद करून पुन्हा चालू केलं. काही नाही. तिसऱ्यांदा मात्र इंजिन एकदम असं भडकलं की पुढची माणसं एकमेकांच्या अंगावर पडली.

"आता नळी आहे? चेला आहे?" मी इंजिन बंद केलं आणि दोन स्क्रू काढून जुना व्हॉल्व्ह सगळ्यांपुढं धरला. पीठ आणि काजळीनं लडबडलेला. "इंजिनला हवा लागते. पेडल सोडलं की हवेचं मोठं झाकण मिटतं. तेव्हा इंजिन बंद पडू नये म्हणून हा बाजूनं थोडी हवा सोडतो. तुमच्या पिठानं हा चिकटला होता, म्हणून गाडी सारखी बंद पडायची."

"मग भडकली कशी?" धाकट्यानं विचारलं.

मी व्हॉल्व्ह खाली ठेवला. "बंद पडते म्हणून गाडी माझ्याकडं आली होती. मी व्हॉल्व्ह बदलला नाही. झाकणाचा स्क्रू पिळून ते थोडं उघडंच ठेवलं. इथला प्रत्येक गॅरेजवाला हेच करतो. मग त्या सकाळी, आत्ता तिसऱ्या खेपेला झालं तसंच, चिकटलेला व्हॉल्व्ह अचानक सुटून सताड उघडला. हवा दोन्हीकडून घुसली. थोरल्याला तुझ्या बायकोनं मारलं नाही. मी पिळलेल्या स्क्रूनं मारलं."

पुढच्या क्षणी शटर ओढायचा लोखंडी आकडा माझ्या तोंडावर आला. मी पडले, आणि धाकटा लाथा घालायला लागला. दोन दात जिभेवर आले. तो "माझा भाऊ, माझा भाऊ" म्हणत रडत मारत होता आणि मला त्याला थांबवावंसं वाटत नव्हतं.

थांबवलं ते त्याच्या बायकोनं. तिनं मागून त्याची कॉलर धरली. "पुरे. तीन आठवडे मला मारून काय कळलं तुला? तिला गाडी नीट करू दे."

तो तिथंच फतकल मारून बसला. मी रक्त थुंकत शववाहिकेचा व्हॉल्व्ह बसवला, स्क्रू मागं फिरवून जागेवर आणला. इंजिन सुरू केलं. ते एकसारखं, शांत चाललं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बाबा आणि चेला तेवढ्यात कधी पसार झाले, कुणाला कळलंही नाही.

थोरल्याची आई उठून आली. तिनं बॉनेटवर हात ठेवला आणि कान लावला. "आता तो बोलणार नाही?" तिनं मला विचारलं.

"नाही हो, आई. तो कधीच बोलत नव्हता."

ती हमसून हमसून रडली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मुलासाठी रडली असेल, इतके दिवस तिला सुनेच्या रागातून सवडच मिळाली नव्हती. मग तिनं पदरानं सुनेचा फाटलेला ओठ पुसला. सुनेनं तोंड फिरवलं. तेही बरोबरच होतं.

ऐका, दुर्घटना झाली की "कुणी केलं" म्हणून कुणाच्या अंगावर धावून जाऊ नका. आधी "कशानं झालं" ते विचारा. बॉनेट उघडा, बघा, जाणत्याला दाखवा. आणि तो जाणता माझ्यासारखा चुकलेला असेल, तर त्यालाही सगळ्यांसमोर कबूल करायला लावा. माझे दोन दात गेले, पण त्या पोरीचा तळहात शाबूत आहे. जुना व्हॉल्व्ह मी गॅरेजच्या दारावर खिळ्याला टांगलाय. स्क्रू पिळून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आधी तो दाखवते.