दोन तांबड्या, एक काळी

इंदुमतीने परसातल्या विटांच्या अंगणात सातव्या ओळीतली काळी वीट उचलली, तिच्या जागी शेजारची तांबडी बसवली आणि काळी पलीकडे सरकवली. रेती हाताने सारखी करून ती चहाचं आधण ठेवायला आत गेली. पन्नाशीला आपल्याच अंगणात चोऱ्या करायची वेळ आली होती, पण तिची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

तिचे यजमान गोपीनाथराव तेव्हा मिलच्या फाटकाशी गेलेले असत. मिल बंद पडून वर्ष झालं, तरी रोज संध्याकाळी ते सायकल काढून निघत आणि फाटकावर काही नोटीस लागली का, ते पाहून येत. तीस वर्षं त्यांनी तिथे कापड तपासलं होतं. ठाण समोरून सरकत जाई आणि चुकलेला धागा आधी त्यांच्या बोटांना कळे, मग डोळ्यांना. खोड अशी, की लग्नात इंदुमतीच्या शालूतसुद्धा त्यांनी भर मांडवात दोष काढला होता. स्वतः मात्र वीतभर कधी काही विणलं नव्हतं.

मिलला कुलूप लागलं आणि हा माणूस भिंतीकडे तोंड करून जो पडला, तो चार महिने उठला नाही. दाढी नाही, बोलणं नाही. मग कधीतरी शहरातल्या पलासिया भागात एक जुना बंगला पाडताना त्यांनी पाहिला. त्या जागी कसलीशी बँक व्हायची होती. मालकाला विचारून ते पोत्यात विटा भरून आणू लागले. मागच्या दारापासून पेरूच्या झाडापर्यंत विटांचं अंगण करायचं, गवंडी नको, सिमेंट नको, नुसत्या रेतीवर. दोन तांबड्या, एक भाजून काळी पडलेली. पुढच्या ओळीत तेच एक घर सरकून. होता होता अंगणात तिरप्या रेघा उमटल्या, मिलच्या ड्रिल नावाच्या जाड कापडावर असत तशाच.

हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात ते उकिडवे बसून विटा लावत, स्वतःशीच काही गुणगुणत. तांदूळ निवडता निवडता इंदुमतीचे हात थांबत. तिला वाटे, हे अंगण असंच उलगडत जावं, झाडाच्या पलीकडे, गल्लीच्या पलीकडे, आणि हा माणूस त्याच्या टोकाशी गुणगुणत राहावा.

पण झाड जवळ येऊ लागलं तशी तिची झोप उडाली. शेवटची वीट बसली की हे पुन्हा भिंतीकडे वळणार. तेव्हापासून तिने रोज एखादी वीट बदलून ठेवायला सुरुवात केली. सकाळी गोपीनाथराव नजर टाकत, थबकत, आणि "चूक एकटी येत नाही," म्हणून तिथून पुढच्या सगळ्या ओळी उचलत. अंगण झाडाकडे जाई आणि मागे येई. शेजारचे चिंतामण भिंतीवरून डोकावून म्हणत, "भिया, मिल चालू होऊन जाईल, पण तुमचं हे आंगन काही पूरं नाही होणार." गोपीनाथराव नुसते हसत.

एका संध्याकाळी मात्र ते लवकर परतले. इंदुमती वीट हातात धरून रेतीत बसलेली. लपवायला वेळच मिळाला नाही. त्यांनी सायकल भिंतीला लावली आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"सोप्या चुका करते तू," ते म्हणाले. "कापडात अशा नसतात."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. तीस साल दुसऱ्यांच्याच चुका बघितल्या ना."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी तिच्या हातातली वीट घेतली, उगाच उलटसुलट केली. "सकाळी उठून वाटायचं, बघू, आज इंदूनं कुठे गडबड करून ठेवलीय. उठायला काहीतरी पाहिजे ना." मग खाली पाहत म्हणाले, "आज आमची तपासायची टेबलं ट्रकात भरून राहिले होते. भंगारात. आता मिल नाही खुलणार."

इंदुमतीला रडू आलं. ते तिने आवरलं नाही. गोपीनाथरावांनी वीट परत तिच्या हातात दिली. मग म्हणाले, "चल. पूरं करून टाकू."

दोघांनी मिळून उरलेल्या ओळी लावल्या. ती वीट देई, ते बसवत. उजेड असतानाच शेवटची वीट पेरूच्या बुंध्याशी टेकली. गोपीनाथराव मागच्या दाराशी गेले, गुडघ्यांवर बसले आणि पहिल्या ओळीपासून तळवा फिरवत पुढे सरकू लागले. डोळे मिटलेले होते. इंदुमती कडेला उभी राहून बघत होती. तळवा कुठे अडला नाही.

अंगण संपलं तरी हात थांबला नाही. झाडाच्या बाजूने, पुढच्या कोऱ्या मातीवरून तो तसाच हलके सरकत राहिला. इंदुमतीने त्यांना हाक मारली नाही.