बंद पेटीतला जड तुकडा

महाराजांना मिळणार होतं ते असं: गार हवेची स्वतंत्र खोली, मोठ्या संगणकाचा परवलीचा शब्द आणि कचेरीचे प्रोग्राम सांभाळणाऱ्या काकूंची खुर्ची. बदल्यात काय, तर डोळे मिटायचे. इतका किफायतशीर धंदा शोधूनही सापडायचा नाही.

पाणीपट्टीच्या कचेरीत त्या सकाळी यंत्रखोलीच्या दारात ही झुंबड! बिलं दुप्पट निघाली होती. खिडकीवर लोक शिव्या घालत होते आणि कारकून मात्र कामं टाकून टाचा उंचावत होते. बंद यंत्रातलंही दिसतं म्हणून सल्लागार नेमायला बोलावलेल्या महाराजांनी यंत्रखोलीत एकट्याने ध्यान आटोपलं, डोळे मिटले आणि संगणकावर तळहात टेकला.

"आत नऊ तुकडे आहेत... सहावा म्हातारा... तिसरा परवाच जन्मलाय. त्यावर बाईचा हात फिरलाय. तोच बिलं फुगवतोय!"

"आईशप्पथ!" ऑपरेटर पुटपुटला. "तिसरा काकूंनीच दुरुस्त केलाय."

सगळ्यांच्या अंगावर काटा आला. कारण बिलांचा प्रोग्राम म्हणजे बंद पेटी. माणसांनी लिहिलेले तुकडे यंत्राच्या भाषेत उतरवून एकत्र शिवलेले, आणि मूळ लिखाण निम्मं गहाळ. आत काय आहे, कोण सांगणार?

कचेरीच्या साहेबांनी तिथल्या तिथे काकूंना घरी बसवायचा हुकूम टाइप करायला सांगितला.

"जाते की," काकू म्हणाल्या. "पण जाता जाता महाराजांनी माझा एक प्रोग्राम तपासावा. सकाळीच केलाय."

महाराज प्रसन्न झाले. "आधी पुन्हा जरा ध्यान करतो. खोली बंद हवी. आत टर्मिनल हवं, पडदा आणि कळफलकासकट."

"ध्यानाला टर्मिनल कशाला हो?"

"यंत्राशी बोलायचं, तर यंत्राचं तोंड नको?"

ध्यान आटोपून ते आले, हात टेकला आणि कण्हलेच. "चार तुकडे. दुसरा... बाप रे, केवढा हा भार! लाखो हिशेब कोंडलेत यात. आकडे ऊर बडवतायत! बघा, तळहाताला घाम फुटला."

"पुसा तो," म्हणत काकूंनी टर्मिनल गर्दीकडे वळवलं आणि एक आज्ञा टाइप केली. पडद्यावर यादी उमटली: चार तुकडे, दुसरा सगळ्यांत लांब.

"तुकडे शिवताना यंत्र प्रत्येकाची नोंद ठेवतं. नाव, लांबी, यंत्रभाषेत उतरवल्याची तारीख. ही आज्ञा कुणीही द्यावी आणि वाचावं. महाराजांचं ध्यान ते हेच! पण नोंदीवरून आतलं काम कळत नाही. या दुसऱ्या तुकड्यात मी नुसती रिकामी जागा राखून ठेवलीय. हिशेब एकही नाही. गोणी मोठी, आत वारा."

"मग बाईचा हात?" कुणीतरी विचारलं.

ऑपरेटरने मान खाली घातली. "चहा पिताना मीच सांगितलं. ते सहज विचारत होते."

"आज यंत्राचं मन थाऱ्यावर नाही," महाराज सावरून म्हणाले.

"यंत्राचं आहे हो. तुमचं बघा!"

हशा पिकला. महाराज बॅग उचलून दाराकडे सरकले.

मग काकूंनी नव्या दरांचा तक्ता तपासला. साहेबांनी मंजूर करताना दोन महिन्यांचा दर एका महिन्याच्या रकान्यात बसवला होता. तिसऱ्या तुकड्याने सांगितलं तेवढंच इमानाने केलं. साहेबांनी हुकूम स्वतःच्याच हाताने फाडला.

बंद पेटीतलं दिसतं असं कुणी म्हणालं, तर हात जोडण्याआधी विचारा: हे कुठून कळलं? आणि त्याला जे कळायला वाट नाही, असं काहीतरी पुढे ठेवा. खरं असेल तर टिकेल; त्याला परीक्षेची भीती नसते.

शेवटचा हिशेब असा. काकूंची खुर्ची काकूंकडे राहिली. महाराजांना येण्याजाण्याचा त्रास झाला. साहेबांची चूक 'किरकोळ अडचण' म्हणून नोंदली गेली. जादा रक्कम पुढच्या बिलांत वळती होईल, असं खिडकीवर लिहून लावलं. तोवरची झळ ज्यांनी रांगेत उभं राहून दुप्पट पट्टी भरली, त्यांनीच सोसली.