भिमाबाईंच्या बटणांचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, मित्रांनो. कडेला गंज चढलाय, झाकण घट्ट बसतं, आणि जरा हलवलं की मी अख्ख्या घराला ऐकू जातो. त्यात लाजायचं काय? पोटात बटणं आहेत, तर आवाज होणारच!

जन्मलो बिस्किटांसाठी. ती आठवड्यात संपली आणि मी उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका शर्टांच्या कारखान्यात भिमाबाईंच्या हाताशी आलो. त्या काजबटणाचं काम करायच्या. रंग न जुळणारी, उरलेली बटणं माझ्यात टाकायच्या. शेठ म्हणायचे, "भिमाताई, तुम्हारा हाथ है या मशीन?" तेव्हा मीही उगाच फुगायचो.

मग त्यांनी काम सोडलं. मुलगा आणि सून संध्या यांच्याबरोबर त्या बदलापूरला शिरगावात राहायला आल्या. मी कपाटावर गेलो आणि तिथेच पडून राहिलो. कुणी ढुंकून पाहिलं नाही. वाईट वाटायचं, का नाही वाटणार?

त्या घरात सम्यक जन्मला. आजीचा जीव की प्राण! बाहेर जाताना तो नुसता उभा राहायचा. आजीचे हात झपाझप चालायचे आणि शर्टाची पाचही बटणं लागायची. पोराला बोटसुद्धा लावावं लागत नसे. घरात तर इलॅस्टिकच्याच चड्ड्या.

यंदा तो शाळेत जाऊ लागला. गणवेशाच्या पँटला बटण होतं. तिसऱ्या दिवशी तो पँट ओली करून आला. चौथ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी दारातच हटून बसला.

"मी नाही जाणार शाळेत."

"का रे राजा? मॅडम ओरडल्या?"

"बटण निघत नाही," तो हुंदके देत म्हणाला. "सगळे हसतात मला."

भिमाबाईंनी त्याला जवळ घेतलं. "संध्या, आयुष्यभर लोकांच्या शर्टांना बटणं लावली गं मी. आणि या लेकराला स्वतःचं एक लावू दिलं नाही. माझंच चुकलं."

"आई, आपण मॅडमना सांगू. इलॅस्टिकची घालून पाठवू."

"आठ दिवस पाठव. तेवढ्यात शिकवते त्याला."

आणि त्यांनी मला खाली काढलं! काय सांगू, किती बरं वाटलं.

आधी सम्यकने इडलीपात्राच्या खळग्यांत रंगाप्रमाणे बटणं वेगळी केली. मग चिमट्याने उचलली. एका प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणाला आजीने चीर पाडली, तिच्यातून त्याने एकेक बटण आत ढकललं. बुटाच्या नाडीत माळ ओवली. "तोंडात एकही घालायचं नाही हं," आजी बजावायची, आणि शेवटचं बटण माझ्यात पडेपर्यंत शेजारून उठायची नाही. नंतर तिने जुन्या कापडाला मोठं काज केलं, कोटाचं जाडजूड बटण लावलं. "उभं धर. अर्धं घाल. आता पलीकडून ओढ."

एकदा त्याने रागाने मला फेकलं. बटणं पार सोफ्याखाली गेली. "जाम कठीण आहे! तू लाव ना!"

आजीचे हात शिवशिवत होते. तिने ते मांडीखाली दाबून धरले. "मी बसलेय. तू कर."

नवव्या दिवशी तो गणवेशाची पँट घालून गेला. मी खिडकीत, आजी दारात. तिचा चहा गार झाला.

दुपारी तो धावत आला. पँट कोरडी. "आजी, मी एकटाच गेलो बाथरूमला! बटण काढायला कुणालाच नाही सांगितलं!"

बटण लागलेलं होतं, पण शर्टाचं टोक काजात अडकून बाहेर लोंबत होतं. भिमाबाईंचा हात सवयीने पुढे गेला. मग तो तिथेच थांबला, वर गेला आणि सम्यकच्या डोक्यावर टेकला.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी मायेने घाईघाईत तुमचं बटण लावायला आलं, तर त्यांना गोड बोलून सांगा, "थांबा, मला जरा वेळ लागेल." आणि मग लागेल तेवढा वेळ खुशाल घ्या.