पांढऱ्या फुलीची पेनी

मंगळवारी दुपारपर्यंत नेरिडाने त्या नाण्याचं चार वेळा वजन केलं होतं. चारही वेळा आकडा आठ पूर्णांक सहा ग्रॅमवर थांबला. जुन्या पेनीचं वजन साडेनऊच्या आसपास भरायला हवं. सत्तर वर्षं मातीत पडलेलं नाणं झिजतं, गंजतं, पण इतकं नाही.

तिने तीस वर्षं कर्राडीनच्या खाणीच्या प्रयोगशाळेत सोन्याचा कस काढला होता. निवृत्त झाल्यावरही आकडा पटला नाही की तिला घास गोड लागत नसे. तिने धुतलेले कप पुन्हा धुतले, अंगणात जाऊन आली, आणि पाचव्यांदा नाणं तराजूत ठेवलं.

ते तिला त्याच दिवशी सकाळी सापडलं होतं, गावाबाहेर, टू-अप नावाच्या जुगाराच्या जुन्या रिंगणाच्या जागी. पत्र्याचा आडोसा केव्हाच गेला होता. उरली होती लाल माती आणि घट्ट तुडवलेल्या जमिनीचं एक वर्तुळ, ज्यात अजून झुडूप धरत नव्हतं. मेटल डिटेक्टरने आधी अकरा खिळे आणि बाटल्यांची बुचं काढून दिली. मग कानात वेगळा, भरीव आवाज आला.

तिथे जायचं कारण होतं तिच्या चुलत बहिणीचं पत्र. ग्लेनिसचे वडील, नेरिडाचे आयव्हरकाका, मार्चमध्ये दूर किनाऱ्यावरच्या शहरात वारले. शनिवारी ग्लेनिस त्यांची रक्षा घेऊन येणार होती, आजी-आजोबांच्या कबरीत ठेवायला. तिने लिहिलं होतं: ‘बाबा शेवटपर्यंत एवढंच म्हणाले की मी काही केलं नव्हतं. मग ते परत का आले नाहीत? मला कबरीपाशी चार शब्द बोलायचे आहेत, नेरिडा. ते खोटे निघायला नकोत. तुला जे माहीत असेल ते शनिवारच्या आत सांग.’

नेरिडाला जे माहीत होतं ते अख्ख्या गावाला माहीत होतं. टू-अपमध्ये खेळणारा लाकडी पट्टीवरून दोन पेन्या उडवतो. दोन्ही छापे पडले तर जिंकला, दोन्ही काटे पडले तर हरला, एक-एक पडला तर पुन्हा उडवायचं. १९५५ सालच्या एका रविवारी आयव्हर ट्रेंबाथने लागोपाठ सात वेळा दोन्ही छापे पाडले. आठव्या वेळी पेन्या हवेत एकमेकींवर आपटल्या आणि आवाज आला तो बद्द, फुटक्या कपासारखा. कोणीतरी ओरडलं, पेनी खोटी आहे. आयव्हरचे खिसे उलटे केले, बूट काढायला लावले. सापडलं काहीच नाही. तरी गावाने निकाल लावून टाकला: दोन्ही बाजूंना छापा असलेली पेनी त्याने आणली आणि वेळेवर झुडपात भिरकावली. सोमवारच्या गाडीने तो गेला, तो कायमचा.

आता ती पेनी टेबलावर पडली होती, दोन्हीकडून हिरव्या पापुद्र्यात झाकलेली.

“मिळालं का सोनं?” बाबांनी दारातून विचारलं. क्लेम ट्रेंबाथ एकोणनव्वद वर्षांचे होते, आयव्हरचे धाकटे भाऊ. त्या रिंगणात पेन्या उचलून खेळणाऱ्याच्या हातात द्यायचं काम त्यांचं होतं.

“एक पेनी मिळाली.”

“मग आज मेजवानीच म्हणायची.” ते हसले, पण खुर्चीत बसले नाहीत. “तुला सांगितलं होतं, तिथे खिळ्यांशिवाय काही नाही.”

“अकरा खिळेही मिळाले.”

“बघ. म्हातारा चूक नव्हता.”

“शनिवारी येणार आहेस ना, बाबा?”

“गुडघा काय म्हणतो त्याच्यावर आहे.”

“कालच तर तू कुंपणावर चढून शेजाऱ्याच्या कोंबडीला शिव्या देत होतास.”

“कोंबडी वेगळी. दफनभूमी वेगळी.” ते वळले आणि आत जाऊन त्यांनी रेडिओ नको इतका मोठा केला.

नेरिडाने नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवलं आणि पुन्हा तोललं. घनता यायला हवी होती जवळपास नऊ, आली आठच्या आसपास. म्हणजे आत पोकळी होती. भिंगाखाली तिला काठाच्या आतल्या अंगाला केसाएवढी रेघ दिसली, अगदी गोल, कुठेही न तुटलेली. कुणीतरी एक पेनी वाटीसारखी कोरली होती, दुसरी झाकणासारखी पातळ केली होती, आणि एकीत दुसरी बसवली होती. काम इतकं नेटकं होतं की तिला नकळत कौतुक वाटलं, आणि त्या कौतुकाचाच राग आला.

म्हणजे गाव खरं बोलत होतं. ग्लेनिसला हेच लिहायचं?

तिने नाणं ऑलिव्ह तेलात बुडवून ठेवलं. बुधवारी त्याला हात लावायचा नाही असं ठरवलं आणि सात वेळा झाकण उघडून पाहिलं. बाबा त्या दिवशी चहा अर्धा टाकून तीनदा अंगणात गेले. एका घरात दोघं जण एकमेकांना चुकवत फिरत होते.

गुरुवारी सकाळी तिने लाकडी काडीने पापुद्रा हलवायला सुरुवात केली. पहिल्या बाजूला अक्षरं उगवली: एक पेनी. हा काटा होता. तिचा हात थांबला. एका बाजूला काटा असेल तर दुसरीकडे छापा कसा असेल? साधी पेनी बनवायला दोन पेन्या कोण फुकट घालवेल? तिने नाणं उलटवलं. खरवडायची गरज नव्हती, तर्काने उत्तर आलं होतं. तरी तिने खरवडलं. पुन्हा तीच अक्षरं.

दोन्ही बाजूंना काटा. ही पेनी रिंगणात असताना दोन छापे पडणं शक्यच नव्हतं. जिंकत असलेला आयव्हर स्वतःला हरवणारं नाणं कशाला आणेल?

तिला हायसं वाटायला हवं होतं. पण अक्षरांच्या खाचांमध्ये, दोन्ही बाजूंना, काहीतरी पांढरं अडकलं होतं. रंग. काटा लांबून ओळखू यावा म्हणून रिंगणातल्या पेन्यांच्या त्या बाजूवर पांढरी फुली मारलेली असे. ती दर रविवारी सकाळी नव्याने रंगवायचे, आणि रंगवणारे कोण हे नेरिडा लहानपणापासून ऐकत आली होती. पाण्याच्या टाकीसाठी आणलेला रंग, काडीपेटीची काडी, आणि वर्कशॉपात लेथ शिकणारा वीस वर्षांचा क्लेम, ज्याचा हात म्हणे कधी हलायचा नाही.

ती उठली, बसली, पुन्हा उठली. मग नाणं बशीत ठेवून मागच्या व्हरांड्यात गेली. बाबा तिथे उन्हात बसले होते. तिने बशी त्यांच्यासमोर ठेवली, तरी त्यांनी पाहिलं नाही.

“काटा ना?” ते म्हणाले. “दोन्हीकडे.”

“हो.”

“चांगली बसवली होती. आवाजात मार खाल्ला.” “वर्कशॉपात सगळेच बनवायचे, गंमत म्हणून. कुणी दोन छाप्यांची, कुणी दोन काट्यांची. वापरत कुणी नव्हतं.”

“तू वापरलीस.”

“आयव्हर म्हणाला होता, आज नशीब चाललं तर मी बोटीचं तिकीट काढतो. सात वेळा चाललं. आई त्याच वर्षी गेलेली, वडील तिच्याही आधी. घरात आम्ही दोघंच. मला वाटलं, एकदा हरू दे, मग राहील. उचलताना एक पेनी बदलली. एवढंच.”

“एवढंच?”

“मग ओरडा झाला. पेन्या उचलताना मी खरी परत मिसळली, खोटी पायाखाली टाकली आणि टाचेने दाबली.”

“आणि त्याचे बूट काढायला लावले तेव्हा?”

“तेव्हा मी त्याच जागेवर उभा होतो. हललो असतो तर दिसली असती.” क्लेमनी बशीतलं नाणं बोटाने जरासं सरकवलं. “त्याने माझ्याकडे पाहिलं, नेरी. एक मोजा पायात, एक हातात. तो आवाज त्याला कळला नसेल? ती फुली कोण मारतं हे त्याला माहीत नव्हतं? तोही काही बोलला नाही. मला सांभाळायला मी त्याला ठेवत होतो, आणि तो मला सांभाळून निघून गेला.”

नेरिडाला खूप काही म्हणायचं होतं. सत्तर वर्षांचा हिशेब नव्हे, एकच प्रश्न: एक पत्रही का लिहिलं नाहीस? पण त्या प्रश्नाचं उत्तर समोरच्या माणसाकडे असतं तर ते पत्र लिहिलं गेलंच असतं.

“ग्लेनिसला मी कळवू का?” तिने विचारलं. “लिहून टाकते. सविस्तर.”

“तू काय लिहिणार? वजन आणि घनता?”

“तू सांगशील ते.”

“मी गेल्यावर सांग, असं म्हणणार होतो.” त्यांनी कानातलं यंत्र काढलं, सदऱ्याला पुसलं, परत बसवलं. “मंगळवारपासून तेच घोकतोय. शनिवारी ती तिथे उभी राहून काय बोलणार, मग? ‘माझे बाबा म्हणायचे’ एवढंच? म्हणायचे, म्हणायचे. लोक मान हलवतील आणि घरी जाऊन हसतील.”

“हसणारे उरलेत कितीसे?”

“एक पुरतो.” त्यांनी हात पुढे केला. “फोन लाव.”

तिने नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजत असताना ती उठून आत जायला लागली, तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं आणि पुन्हा खाली बसवलं.

“हॅलो? नेरिडा, बोल.”

“नेरिडा नाही. क्लेम बोलतोय. तुझा काका.”

पलीकडून जपून आलेला आवाज: “बोला, काका. तुमचा आवाज… अगदी बाबांसारखा आहे.”

क्लेमनी फोन कानापासून दूर केला. नेरिडाला वाटलं, आता ते तो तिच्या हातात देतील. त्यांनी दिला नाही.

“कुठे आहेस?” त्यांनी विचारलं. “गाडीत आहेस का?”

“नाही, घरीच. सामान भरतेय. का?”

“मग ते राहू दे जरा,” क्लेम म्हणाले. “तू आधी खाली बस.”