बाजेखालचे निखारे

मूल तालुक्यातल्या त्या गावात थंडीच्या सकाळी बाया ठमाबाईच्या घराच्या मागच्या खोलीकडे आधी पाहत. कौलांतून धूर निघत असला, म्हणजे लेकीची काळजी नीट चालली आहे. खोलीत बाळंतपणाला माहेरी आलेली दिव्यानी होती आणि तिची आठ दिवसांची मुलगी. बाजेखाली निखाऱ्यांचं घमेलं, खिडकीत कोंबलेलं पोतं, ओढून घेतलेलं दार. असा शेक चाळीस दिवस द्यायचा. नाही दिला, तर बाळंतीण कच्ची राहिली म्हणून सासरचे आयुष्यभर टोमणे मारणार.

दवाखान्यातून सोडताना नर्सबाईंनी बजावलं होतं. बाळाला टोपी-मोजे घाला, आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून गोधडी घ्या. बंद खोलीत विस्तव ठेवू नका. ठमाबाईनं प्रत्येक वाक्याला मान डोलावली होती.

"माय, डोकं लई दुखून राह्यलं," दिव्यानी म्हणाली. "मळमळतेबी."

सुकरी सुईण दारातच होती. "वारं लागलं तुले. ठमाबाई, घमेलं भर."

ठमाबाईनं घमेलं भरलं. दुपारी डोकं आणखी दुखलं, तिनं आणखी भरलं. ज्यानं दुखत होतं तेच औषध म्हणून वाढत होतं, आणि घरात कुणाला ते कळत नव्हतं.

कुणालाच नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. ठमाबाईचा नवरा नथ्थू राईस मिलमध्ये बॉयलरवर कामाला होता. मिलच्या चौकीदारानं खोली बंद करून शेगडी पेटवली, की नथ्थूच ती उचलून बाहेर ठेवी. "निखाऱ्याचा ग्यास डोक्यात जाते बाप्पा, झोपेतच मरशीन," असं दरडावी. घरी मात्र तो ओसरीवर गप्प बसे. बाळंतिणीची खोली बायकांची; पुरुषानं तिकडे डोकावायचं नसतं.

एकदा जेवताना त्यानं धीर केला. "ते घमेलं बाहीर ठेवलं तं..."

"तुमी आपली मिल पाहा," ठमाबाई म्हणाली. "केव्हा बाळंत झाले होते तुमी?"

सुकरी खो-खो हसली. नथ्थू मान खाली घालून भात कालवू लागला.

दहाव्या दिवशी दुपारी शेजारीण दारातून डोकावली. "केवढी गुणाची पोट्टी! सकाळपासून रडली नाई."

नथ्थू अंगणात हातपाय धूत होता. सकाळपासून? त्यानं लोटा तिथेच टाकला आणि दार ढकलून आत शिरला. बाया ओरडल्या. दिव्यानी हाकेला ओ देईना. त्यानं नातीला उचलून शेजारणीच्या हातात दिलं आणि लेकीला काखांत हात घालून अंगणात ओढत आणलं.

दोन दिवस ऑक्सिजनवर काढून मायलेकी वाचल्या. डॉक्टरांनी निखाऱ्यांच्या वायूचं सगळं समजावून सांगितलं. आता तरी गाव शहाणं होईल, असं कुणालाही वाटेल.

गाव म्हणालं, पुरुष खोलीत शिरला, म्हणून दवाखाना पाहावा लागला. सुकरी पाणवठ्यावर विचारू लागली, "जगली न तिची नात? मंग शेक काऊन वाईट?" आणि नात गेली असती, तर दवाखान्याची हवा बाधली, असं लोक म्हणाले असते. माणूस जगला तरी पटत नाही, मेला तरी पटत नाही. मग समजवायचं तरी कशानं?

महिनाभरानं गावातल्याच लटारूची लेक माहेरी बाळंत झाली. सुकरी घमेलं घेऊन तिकडे निघाली. ठमाबाई तिच्या मागोमाग गेली आणि घमेलं आत नेऊ नका म्हणाली.

"तुही पोरगी कच्ची राह्यली," लटारूची बायको म्हणाली, "आता आमचीबी ठेवाची काय?"

"माह्याच हातानं घमेलं भरलं मी. डोकं दुखते म्हणे लेक, अन् मी अजून भरलं."

"ते तुह्या घरचं. सरक, दार लावू दे."

ठमाबाई उंबरठ्यातच मांडी घालून बसली.

"सरक म्हणलं न! लाज नाई वाटत, लोकाच्या दारात बसाले?"

"वाटते. पण नाई सरकत."

लटारूच्या बायकोनं रागानं दार लोटलं. ते ठमाबाईच्या गुडघ्यावर आदळलं आणि अर्ध्यातच अडलं.