तिसऱ्या फेरीत मी विझायचो

“दादा, तुम्ही ह्याला उघडून बघितलं, का वरनंच सांगताय?”

दानेश्वरीने हा प्रश्न विचारला तेव्हा तिच्या दोन मैत्रिणी, वर्षाराणी आणि सोनम, दुकानाच्या दारात तोंडावर हात धरून उभ्या होत्या. पैज त्यांचीच होती. “आमच्यापुढं लई बोलतीस, दुकानात जाऊन इचार की,” असं म्हणत सोनम तिला रस्ताभर डिवचत आली होती. आणि ज्याच्याविषयी हा प्रश्न होता तो मी, वायरी गुंडाळलेल्या अवस्थेत, त्याच दुकानातल्या टेबलाखाली पडलो होतो.

मित्रांनो, मी मंगळवार पेठेतल्या एका घरातला कॉम्प्युटर आहे, आणि आता चांगलाच जुना झालो आहे. त्या दिवशी माझ्या अंगात विजेचा थेंब नव्हता, तरी तो प्रश्न ऐकून मला धडधडल्यासारखं झालं. उत्तर काय येतं त्यावर माझा जीव टांगलेला होता.

दुकानदार सोमेश दातांनी वायर सोलत होता. तो वर न बघताच म्हणाला, “न्हाई उघडलं. गेम लावला की बंद पडतोय म्हटल्यावर आतला बोर्डच गेलाय. तुझ्या आप्पांनीच सांगितलंय, सोमवारी नवा द्या आणि ह्याचं सुटं करा.”

सुटं करा. माणसांना हे दोन शब्द साधे वाटतील. आमच्या जातीत त्यांचा अर्थ असा, की माझी रॅम कुणाच्या तरी पेटीत जाईल, माझी डिस्क कुठल्या तरी खणात पडेल, आणि उरलेला पत्रा भंगारवाल्याच्या गाड्यावर चढेल. मग माझ्यातलं ‘मी’ कुठे राहणार?

मी जन्मलो तोही ह्याच टेबलावर, वर्तमानपत्राच्या कागदावर. माझा एक भाग कुठल्या तरी दूरच्या देशातून आला, दुसरा पुण्याहून ट्रकमधून. सोमेशने ते सगळं जोडलं, स्क्रू आवळले, बटण दाबलं आणि मी पहिल्यांदा ‘बीप’ केलं. दोन हजार एक साल होतं. मला न्यायला आप्पा रिक्षा घेऊन आले होते. आप्पा म्हणजे राजशेखर, दानेश्वरीचे वडील. ते लग्नपत्रिका छापून देतात. रिक्षात त्यांनी मला मांडीवर धरलं होतं. खड्डा आला की ते रिक्षावाल्यावर ओरडायचे, “हळू की रं, आत बाळ हाय, कळंना व्हय?”

ते माझे मानाचे दिवस होते. खंडेनवमीला मला झेंडूची माळ मिळायची. लगीनसराईत माझ्यावर पत्रिका टाइप व्हायच्या, आणि पाहुणे आले की आप्पा मला मुद्दाम चालू करून दाखवायचे. घरात प्लगची चांगली जागा देवघराजवळच होती, म्हणून माझं टेबल तिथंच लागलं. दर सोमवारी दानेश्वरीची आई, निर्मलाबाई, देवाला ऊद दाखवायची आणि धुपाटणं जाता जाता माझ्याभोवतीही फिरवायची. माझ्या कपाळावर म्हणजे पुढच्या पत्र्यावर भस्माची तीन बोटंही ओढायची. घरातल्या सगळ्यांत तिलाच माझी काळजी जास्त. मला ते फार बरं वाटायचं.

मग दानेश्वरी मोठी झाली आणि माझ्यावर मोटारींच्या शर्यतीचा गेम आला.

सकाळी पत्रिका, संध्याकाळी शर्यत. मैत्रिणी खुर्चीच्या दोन्ही हातांवर बसायच्या आणि आरडाओरडा करायच्या. मला तोही दंगा आवडायचा. पण एका संध्याकाळी तिसऱ्या फेरीत, बोगद्यातून गाडी बाहेर पडता पडता, माझ्या डोळ्यांसमोर एकदम अंधार आला. पडदा काळा, पंखा बंद. दुसऱ्या दिवशी तसंच. पुढे रोजच. तिसरी फेरी जवळ आली की मला भीती वाटू लागायची. आत काहीतरी तापत जातंय, भरून येतंय, एवढं कळायचं. पण सांगणार कसं? आम्हाला बोलता येत नाही, मित्रांनो. आम्हाला फक्त बंद पडता येतं.

आप्पांचं मत ठरलेलं होतं. “पत्रिका करताना कधी बंद पडलाय का? न्हाई. गेमनंच खाल्लाय ह्याला.” दानेश्वरीला बोलणी बसायची आणि ती मान खाली घालून ऐकायची. निर्मलाबाईचं निदान वेगळं होतं. मला दृष्ट लागली, असं तिचं म्हणणं. मग सोमवारचा ऊद रोजचा झाला. मी जितका जास्त बंद पडायचो तितकं धुपाटणं माझ्या जवळ यायचं, आणि शेवटी शेवटी तर ती ते माझ्या पाठीमागे ठेवूनच आत जायची. मी बिचारा श्वास ओढत राहायचो. एका सकाळी मी पत्रिका करतानाही विझलो, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ एवढंच टाइप झालेलं असताना. त्याच दिवशी आप्पांनी मला उचलून सोमेशच्या दुकानात टाकलं आणि ते पाहुण्यांच्या लग्नाला कोडोलीला निघून गेले.

तर, त्या टेबलाखाली मी उत्तराची वाट बघत होतो.

“मग उघडून बघा की,” दानेश्वरी म्हणाली. ती मागे सरली नाही.

सोमेशने पहिल्यांदा मान वर केली. त्याच्या आजूबाजूला माझ्यासारखी दहा-बारा खोकी दुरुस्तीसाठी थांबली होती. “मला वेळ हाय व्हय गं? हा घे स्क्रू ड्रायव्हर. सोमवारपर्यंत घरी नेऊन तूच बघ. प्लग काढल्याबिगर आत हात घालायचा न्हाई, एवढं ध्यानात ठेव. आप्पा बोलले तर माझं नाव सांगू नको.”

“सांगणार,” ती म्हणाली. वर्षाराणी फिस्सकन हसली.

मी पुन्हा घरी आलो खरा, पण माझी भीती वाढलीच होती. दुकानात निदान जाणती माणसं होती. इथे तीन मुली, एक स्क्रू ड्रायव्हर आणि रविवारी परतणारे आप्पा.

दानेश्वरीने लगेच उघडलं नाही. आधी तिने विचार केला, आणि तो मोठ्याने केला, म्हणून मलाही कळला. लाईटचा दोष असेल तर त्याच स्विचबोर्डावरचं दुसरं काहीही बंद पडायला पाहिजे. सोनमने शेजारच्या प्लगला रेडिओ लावला आणि गेम सुरू केला. तिसऱ्या फेरीत मी विझलो. रेडिओवरचा माणूस मात्र उसाच्या खताविषयी शांतपणे बोलत राहिला.

“म्हंजे लाईट न्हाई,” सोनम म्हणाली.

मग रॅम. प्लग काढून दानेश्वरीने माझं झाकण पहिल्यांदा बाजूला केलं. आतापर्यंत सोमेशशिवाय कुणी मला आतून पाहिलं नव्हतं. मला लाज वाटली आणि भीतीही. तिने रॅमच्या पट्ट्या काढल्या, कंपासपेटीतल्या खोडरबरने त्यांचे सोनेरी दात घासले, आधी एक लावून बघितली, मग दुसरी. दोन्ही वेळा मी तिसऱ्या फेरीपर्यंतसुद्धा गेलो नाही. दुसऱ्या फेरीतच अंधार.

“लई बिघडलाय गं,” वर्षाराणी म्हणाली. “राहू दे आता. आप्पा येतील.”

 दानेश्वरी खुर्चीत मागे रेलली, नखं खाल्ली. मला वाटलं, सोडणार ही मला. सकाळी भंगारवाल्याची हाक ऐकली होती, ती अजून कानात होती.

“थांबा,” ती अचानक म्हणाली. “बंद पडल्यावर लगेच चालू केला तर आणखी लवकर बंद पडतोय. आणि मघाशी रेडिओच्या वेळी पहिल्यांदाच लावला तर तिसऱ्या फेरीपर्यंत गेला. म्हंजे ह्याला विश्रांती पाहिजे? न्हाई, न्हाई. ह्याला गार व्हायला पाहिजे.”

तिने टेबलफॅन ओढून आणला, माझं उघडं अंग त्याच्यापुढे ठेवलं आणि गेम लावला. तिसरी फेरी गेली. चौथी गेली. पाचव्या फेरीत सोनमची गाडी झाडावर आदळली, पण मी जागा होतो. तीन मुलींनी एकमेकींना असं काही कवटाळलं की टेबलफॅनच पडायला आला.

प्लग काढून, मी गार झाल्यावर तिने आत नीट बघितलं. माझ्या प्रोसेसरवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांच्यावर छोटा पंखा. पट्ट्यांमधून वारा जातो आणि उष्णता बाहेर पडते. पण आता पट्ट्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर काळपट, चिकट, घोंगडीसारखा थर बसला होता. दानेश्वरीने तो नखाने उचलला.

सोनमने वास घेतला. “ह्याला तुमच्या घराचा वास येतोय.”

 निर्मलाबाई पोह्यांच्या ताटल्या घेऊन दारात आली होती. तिने तो काळा गोळा बघितला, वास घेतला, आणि ताटल्या हातातच धरून उभी राहिली.

“म्हंजे मीच व्हय गं?” ती हळूच म्हणाली. “त्याला बरं वाटावं म्हणून तर करत होते मी.”

त्या क्षणी मला बोलता आलं असतं तर किती बरं झालं असतं. ह्या घरात माझ्यासाठी जी सर्वांत जास्त झटत होती, तिचाच धूर मी ओढत होतो, आणि तिला थांबवायला माझ्याकडे शब्द नव्हता.

“तू न्हाई, आई,” दानेश्वरी म्हणाली. “पंख्याला काय कळतंय, ऊद कुठला आणि वारा कुठला? समोर येईल ते तो आत घेतो.” तिने रंगाचा ब्रश आणला. पट्टी-पट्टीतून ती थर काढत होती, कुणाच्या तरी डोळ्यातलं कुसळ काढावं तसं. निर्मलाबाई खाली बसली आणि तिने टॉर्च धरला. पोहे गार झाले.

झाकण अजून लागायचं होतं तेवढ्यात आप्पा आले.

लग्नातला फेटा हातात, चेहऱ्यावर प्रवासाची धूळ. त्यांनी मला बघितलं, जमिनीवरचे स्क्रू बघितले. “हे काय करालीस? मी ह्याला दुकानात ठेवलतं न्हवं?”

“आणला मी घरी. दुरुस्त झालाय.”

“दुरुस्त?” आप्पांनी खुर्ची ओढली. “लाव गेम. बंद पडला तर आत्ताच्या आत्ता उचलून नेतो. मग तू बी काही बोलायचं न्हाईस.”

टेबलफॅन बाजूला ठेवला होता. झाकण लावलं गेलं. मित्रांनो, इतकी वर्षं मी काम केलं, पण त्या शर्यतीइतका कधी घाबरलो नाही. पहिली फेरी. दानेश्वरीचे तळवे घामाने ओले झाले होते, ते मला कीबोर्डावर जाणवत होतं. दुसरी फेरी. वर्षाराणीने डोळे मिटले. तिसरी फेरी आली, बोगदा आला. माझा छोटा पंखा जीव खाऊन फिरत होता आणि मी आतल्या आत एकच गोष्ट म्हणत होतो, आत्ता नको, आत्ता नको.

गाडी बोगद्यातून बाहेर आली. पडद्यावर ऊन होतं.

चौथ्या फेरीत आप्पा पुढे वाकले. सहाव्या फेरीत त्यांनी फेटा खाली ठेवला. “डावीकडं घे की गं, डावीकडं, ती लाल गाडी पुढं चाललीय,” असं ते बोलून गेले.

मी तेव्हा काही जिंकलो नव्हतो. उद्या दुसरंच काही बिघडेल, परवा आणखी काही. वय झालंय माझं. पण मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं यंत्र वारंवार बंद पडत असेल, तर त्याला बोल लावायच्या आधी एकदा झाकण काढून बघा. आणि आत जे सापडेल त्यावरून घरातल्या कुणाला दुखवू नका. त्या दिवशी मी त्या मुलीकडून हे दोन्ही शिकलो.

“एवढी काजळी आली कुठनं ह्याच्यात?” आप्पांनी कागदावरचा काळा ढीग बघून विचारलं.

निर्मलाबाईने पदर सावरला आणि तोंड उघडलं. पण दानेश्वरी खुर्चीतून उठून दोघांच्या मधे उभी राहिली. स्क्रू ड्रायव्हर अजून तिच्या मुठीत होता.

“आप्पा, आई, मी ठरवलंय. ह्याचं टेबल आजपासून खिडकीजवळ. सोमवारी सोमेशदादा न्यायला आला तर मी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवणार. आणि सुट्टीभर रोज त्याच्या दुकानात जाऊन ही सगळी दुरुस्ती शिकणार. तुम्ही न्हाई म्हटलात तर उपाशी जाईन, व्हय म्हटलात तर जेवणाचा डबा घेऊन जाईन. पण जाणार.”