भांडण आधी, लग्न मागाहून

बाबांना जाऊन वर्ष झालं, तेव्हा मी मोताळ्यात त्यांचा आवडता सिनेमा दाखवला. चित्रपट नुकते बोलू लागले होते त्या काळातला. छोट्या गावातला मास्तर पोस्टमास्तरच्या मुलीला पाहता यावं म्हणून रोज स्वतःलाच पत्र टाकतो, अशी गोष्ट. बाबांनी टुरिंग टॉकीजच्या तंबूत तो तीस वर्षं चालवला, पण शेवटची दोन रिळं उलट्या क्रमाने लावून. नवराबायको आधी चहावरून भांडायची आणि मग त्यांचं लग्न लागायचं.

मी बुलढाण्याला कॉलेजात साहित्य शिकवते. ही चूक मी बाबांना एकदा चारचौघांत दाखवली होती. ते एवढंच म्हणाले, "आपल्या तंबूतून शेवटाआधी कोनी उठलं नाही." पुढे तो विषय आमच्यात निघाला नाही.

आता माझ्याकडे लॅपटॉपवर योग्य क्रमातली प्रत होती. बाजाराचा दिवस, दुपारचे तीन, मंगल कार्यालय भरलेलं. मास्तरच्या प्रत्येक पत्राला लोक हसत होते. मग पडद्यावर अंतरपाट धरला गेला. बायकांनी पदराच्या गाठीतून अक्षता काढल्या. बाबांच्या तंबूतली रीतच होती ती. मागे चपला शोधणं सुरू झालं.

"काऊन उठून राह्यले हे?" मी बाबांच्या जुन्या ऑपरेटरला, रहेमतुल्ला चाचांना विचारलं.

"लगन लागून राह्यलं ना. अक्षता टाकतीन अन् जातीन. पहिल्या साली असंच झालतं, बेटी. भांडण नुसत्या सतरंज्याइनं पाह्यलं. मंग तुह्या बापानं रिळांचे डबे बदलले."

"मला कधी बोलले नाहीत."

"तू प्रोफेसर. तुले काय सांगावं?"

मी सिनेमा थांबवला. अंतरपाट तसाच राहिला.

"मुहूर्त टळला बे," मागून कुणीतरी म्हणालं.

मी माईक घेतला. "बसा. आधी भांडण आहे. बाबांचाच क्रम बरोबर होता, चूक माझी."

"मंग ठीक," पहिल्या रांगेतून आई म्हणाली. "मले वाटलं, पोरगी खरंच भांडणाबिगर लगन लावते."

लोक बसले. मी पुढचा भाग आधी लावला. चहात साखर कोणी घालायची यावरून हॉलचे दोन तट पडले. बायका तिच्या बाजूने, पुरुष निम्मेच त्याच्या. ते मिटल्यावर मी पुन्हा लग्नावर आले. अंतरपाट दूर झाला आणि चहूकडून अक्षता पडद्यावर गेल्या. आईने दोन्ही मुठी रिकाम्या केल्या.

चाचांनी दिवे लावले. एकही खुर्ची रिकामी नव्हती.

"लगन झालं," मागचाच आवाज म्हणाला, "पंगत कुठं हाये?"